भाडं त्यांचं, जोखीम आपली

कंटेनरचं दार उघडलं तेव्हा आधी आतून आवाज आला, काहीतरी उरलंसुरलं घसरून खाली बसल्यासारखा. क्रेनवाल्याने सगळ्यांना मागे सरायची खूण केली. कुणी डोकावून बघायच्या आतच घरच्या धाकट्या सुनेने, धाकटीने, ओळखलं, की दगड फुटलाय. दगडाच्या आवारात संसार मांडलेल्या बाईला तो आवाज ओळखायला बघावं लागत नाही.

आत हिरवा दगड होता. पांढऱ्या शिरांचा, ओला केला की तळ्यासारखा खोल दिसणारा. एकाच ब्लॉकमधून ओळीने कापलेले स्लॅब होते ते. शेजारचे दोन मिटलेलं पुस्तक उघडावं तसे उघडून लावले, की एकाची शीर दुसऱ्याच्या शिरेला जाऊन भिडायची. एका हॉटेलच्या दर्शनी भिंतीसाठी ते मागवले होते आणि आर्किटेक्टबाईंनी सगळी भिंत त्या शिरांवर बेतली होती. आता लाकडी चौकटी सैल होऊन एका अंगाला कलंडल्या होत्या आणि स्लॅब एकमेकांच्या अंगावर पडून फुटले होते. कडेचे थोडे शाबूत होते. पण जोडीतला एकच उरला तर त्याचं करायचं काय? पुन्हा मागवावा म्हटलं, तर तो ब्लॉक खाणीत कधीच संपलेला.

"हे विकणाऱ्यांचं पाप," तिचे थोरले दीर म्हणाले. "त्यांनी भाडं भरलंय. त्यांनाच निस्तरू दे."

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. तो कोपरापर्यंत पॉलिशच्या पांढऱ्या चिखलाने माखलेला, एका तुकड्याची कड अंगठ्याने चाचपत उभा होता. लेकीच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा तसाच.

धंदा सासऱ्यांनी उभा केलेला. आता खरेदी-विक्री, गिऱ्हाईक आणि चारचौघांत बोलणं थोरल्या मुलाकडे, कापणं, पॉलिश, क्रेन धाकट्याकडे, आणि ऑफिसातली कागदपत्रं धाकट्याच्या बायकोकडे. घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. थोरले मात्र 'वकीलसाहेब' म्हणायचे, कारण करारातली बारीक अक्षरं वाचायची तिला खोड होती. लेकीला पॅकिंगच्या फोमवर निजवून, एका पायाने थोपटत थोपटत ती ते वाचत बसायची. बंदरावरच्या एजंटाला शंका विचारून विचारून तिने त्याला हैराण केलं होतं.

ऑर्डर द्यायच्या वेळी विकणाऱ्याकडून दोन भाव आले होते. एकात माल त्यांच्या बंदरात बोटीवर चढवून द्यायचा, पुढचं सगळं आपलं. दुसऱ्यात आपल्या बंदरापर्यंतचं भाडंही तेच भरणार. व्यापारात याला सीएफआर म्हणतात. थोरल्यांना दुसरा पसंत पडला. जो भाडं भरतो, माल पोचेपर्यंत त्याचाच, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

तसं नसतं, असं धाकटीने तेव्हाच सांगितलं होतं. भाडं त्यांचं, पण माल तिकडे बोटीवर चढला की जोखीम आपली. वाटेत काही झालं तर ते हात वर करतील. विमा आपणच काढायला हवा. एकदा सांगून झालं, दोनदा झालं. थोरले फोनवर, सासरे पेपरात, जाऊ चहाचे कप गोळा करण्यात. म्हणून तिसऱ्यांदा तिने जरा तिखटमीठ लावून सांगितलं.

"दादा, लेकीच्या प्रवासाचं भाडं माहेरच्यांनी भरलं, तरी वाटेत तिचं काही दुखलंखुपलं तर धावायचं सासरच्यांनीच ना? तसं आहे हे."

"म्हणजे आता दगडालाही सासुरवास," थोरले म्हणाले, आणि अख्खं ऑफिस हसलं. जाऊ तर डोळे पुसत हसली. नवराही हसला, अगदी मोकळा. आपल्या बायकोने दादांना हसवलं याचं त्याला कौतुक वाटलं असावं. पुढे चार ठिकाणी त्याने तो विनोद सांगितला. थोरल्यांनी गिऱ्हाइकांना सांगितला. विमा मात्र कुणी काढला नाही.

हे लिहून का दिलं नाहीस, असं नंतर एजंटाने तिला विचारलं. घरातल्या घरात कोण कुणाला लिहून देतं? पाणी आलंय, टाकी भरून घ्या, हे कुणी लिहून देतं का?

विकणाऱ्याचं उत्तर फार सभ्य आलं. झाल्या प्रकाराचं दुःख, जुन्या संबंधांचा मान, आणि बोटीवर चढेपर्यंत माल धड होता याचे फोटो. पुढची जबाबदारी करारानुसार तुमची. बोटवाल्यांनी चौकटीतल्या लाकडाकडे बोट दाखवून हात झटकले. थोरल्यांनी ते उत्तर मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच आवाज उतरला. हॉटेलवाल्यांनी काम काढून घेतलं. आर्किटेक्टबाई एकदाच येऊन गेल्या. फुटलेल्या शिरांवरून हात फिरवून, चहा न घेताच गेल्या.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना बसवलं. म्हाताऱ्याचा स्वभाव कडक असला तरी वाकडा नव्हता. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ही अट कुणाला समजली होती आणि कुणाला नव्हती.

थोरले म्हणाले, कागद वकीलसाहेबांकडे असतात. आपण काय, आपण बाजारातली माणसं. असलं काही होतं तर तिने सांगायला नको?

"मी सांगितलं होतं," धाकटी म्हणाली.

"विनोद केला होतास तू," थोरले शांतपणे म्हणाले. "सासर-माहेर काहीतरी. विमा काढा असं स्पष्ट कधी म्हणालीस?"

जाऊ नखांकडे बघत राहिली. सासरे धाकट्याकडे वळले.

"तू होतास ना रे तिथे? म्हणाली होती का ही?"

धाकटीचा जीव या एका वाक्यावर टांगलेला होता. दगड फुटला तो फुटला. पण तिचं ते टेबल, त्या टेबलाखाली निजणारी लेक, इतकी वर्षं रात्रीचा दिवस करून शिकलेलं सगळं, हे खरं होतं की नाही, ते आता हा माणूस सांगणार होता. आणि तो खोटं बोलत नाही. लग्न ठरताना तिच्या आईला त्याची तेवढीच गोष्ट आवडली होती.

दुसरी गोष्टही त्या खोलीत बसलेली होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. आवारामागची पॉलिशची शेड. हॉटेलचं काम झालं की ती धाकट्याला वेगळी काढून देईन, असं थोरल्यांनी कबूल केलं होतं. वेगळं मशीन, वेगळी पाटी. झोपेत बडबडला तरी तो शेडबद्दलच बडबडायचा. आता ते कामच गेलं होतं. थोरले अजून नाही म्हणाले नव्हते. होही म्हणाले नव्हते.

"हसलो होतो आपण सगळे, तेवढं आठवतं," नवरा म्हणाला. "बाकी मला नीट आठवत नाही."

सासऱ्यांनी मान हलवली आणि विषय मिटला. धाकटीवर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. निदान तिला रडता आलं असतं. पुढच्या वेळी नीट लक्ष दे, एवढंच सांगितलं गेलं, आणि तेही प्रेमाने.

रात्री तो लेकीच्या अंगावर पांघरूण घालत हळूच म्हणाला, शेड घालवून चाललं नसतं. आपल्यासाठीच ना ते? तुला कोण काय म्हणतंय, दोन दिवसांत विसरतील सगळे. ती पडल्या पडल्या त्याचे हात बघत होती. कितीही घासले तरी नखांतून दगड जात नसे. त्या हातांचा तिला राग येत नव्हता, हेच तिला सगळ्यात जड जात होतं.

शेड मिळाली. थोरल्यांनी शब्द पाळला, वर स्वतःच्या हाताने कुलूपही उघडून दिलं. नवऱ्याने आतल्या भिंतींना चुना दिला, मशीनला तेल दिलं, लेकीला खांद्यावर घेऊन सगळी शेड फिरवून आणली. पहिला माल त्याचा तोच मागवणार होता: करड्या रंगाचा, पातळ कापाचा, फार नाजूक दगड. जवळ होतं नव्हतं ते त्यात घालायचं ठरलं. ऑर्डर लिहून घ्यायला तो धाकटीच्या टेबलाशी आला, आणि अटी सांगायला थोरले बरोबर आले.

"या वेळी वकीलसाहेबांना त्रास नको," थोरले म्हणाले. "सीआयएफ लिही. भाडंही त्यांचं, विमाही त्यांचा. आता बोट बुडो की जळो, आपल्याला झोप."

धाकटीची बोटं थांबली.

बोट बुडाली किंवा जळाली तर खरंच झोप होती. अशा सौद्यात विकणारा काढतो तो विमा कमीत कमी असला तरी चालतो, आणि तो अशा बुडण्या-जळण्यापुरताच असतो. चौकट सैल झाली, स्लॅब घसरले, दगड फुटला, यातलं त्यात काही येत नाही. सगळ्या नुकसानीचा विमा हवा असेल तर ते ऑर्डरमध्येच मागावं लागतं. एका ओळीचं काम. त्या ओळीचे शब्दही तिच्या ओठांवर आले होते.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने तिची थांबलेली बोटं बघितली होती. काय गं, एवढंच त्याने विचारायचं होतं. दादांच्या देखत. ती सांगायला तयार होती, आत्ता, या क्षणी, सगळं पोटात घालून. लेक टेबलाखालून तिच्या पायाशी झोंबत होती. थोरले घड्याळाकडे बघत होते. नवऱ्याने मान वळवली आणि तो खिडकीबाहेर क्रेनकडे बघू लागला.

थोरल्यांनी सांगितलं तसं तिने लिहिलं आणि पाठवून दिलं.

थोरले गेल्यावर तो घुटमळला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मघाशी काही म्हणणार होतीस का?"

"मघाशी विचारायचंस."

"आता विचारतोय ना."

धाकटीने खाली वाकून लेकीला उचललं. पोरीच्या गालाला कुठूनसा दगडाचा चुरा लागला होता, तो तिने पदराने पुसला, मग पुन्हा पुसला. तो उत्तराची वाट बघत उभा होता. उत्तर एका ओळीचं होतं. विकणाऱ्याला अजून फोन करता आला असता, संध्याकाळपर्यंत सगळं बदलता आलं असतं. तिने लेकीला कडेवर नीट घेतलं.

"दादांना विचार," ती म्हणाली, आणि लेकीला भरवायला आत गेली.