स्मशानशेडची पायरी

आम्ही मागितला होता नाल्यावरचा पूल. मिळालं स्मशानशेड, कारण निधी त्याचाच आला होता. कोहमाऱ्यापलीकडचं आमचं गाव सगळं गोंडांचं. आम्ही मेलेल्या माणसाला पुरतो, जाळत नाही. ग्रामसभेत मी हे ओरडून सांगितलं, तर इंजिनियर साहेब म्हणाले, "मॅडम, योजना सगळ्यांना एकच असते."

शेड नाल्यापलीकडे, आमच्या मसणातच बांधलं. विनाकारण मसणात जायची आमच्यात रीत नाही, त्यामुळं काम चालू असताना कोणीच तिकडं फिरकलं नाही.

उद्घाटनाला साहेब पायरीवर उभे राहून भाषण देत होते. समोर उभा असलेला माझा बाप एकदम खाली बसला आणि पायरीवरून हात फिरवू लागला. लांब काळा दगड, मधोमध पिवळी रेघ.

"दिव्या, हा माह्या मायचा गोटा होय."

आजीला पुरलं तेव्हा बापानंच तो डोंगरावरून आणून तिच्या नावानं उभा केला होता. मी मसणाकडं पाहिलं. तिथं पुरलेल्या प्रत्येकाच्या नावाचा दगड असायचा, आता एकही उभा नव्हता.

"साहेब, हे दगड कुठून आणले?"

"इथंच पडून होते," साहेब खुशीत म्हणाले. "वाहतुकीचा खर्च वाचवला. जनतेचा पैसा आहे, जपून वापरावा लागतो."

तालुक्याहून आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पाय काढा साहेब!" मी ओरडले. "माह्या आजीवर उभे आहा तुमी."