तीसपैकी सत्तावीस

खेट्यांच्या, म्हणजे माघातल्या पायी वारीच्या, रविवारानंतरचा सोमवार उजाडला तेव्हा जोतिबाचा डोंगर धुक्यात बुडाला होता. जयपाल मगदूम सर रोजच्यासारखे पेठ वडगावहून मोटारसायकलीवर घाट चढून आले, पण शेवटचं वळण घेतल्यावर त्यांना आपली शाळाच दिसेना. गाडी कडेला लावून ते जरा वेळ तसेच उभे राहिले. रस्ता, पायऱ्या, दुकानांचे पत्रे, दोरीवर वाळत घातलेली धोतरं, सगळं आदल्या दिवशीच्या गुलालानं गुलाबी झालेलं. आणि त्या गुलाबी रंगावरून पांढरं धुकं सावकाश सरकत होतं. रात्री धड झोप लागली नव्हती. आपण अजून अंथरुणातच आहोत की काय, असं त्यांना वाटून गेलं.

सर डोंगरावरच्या हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होते, आणि गेल्या जूनपासून त्यांच्याकडे मुख्याध्यापकाचा प्रभार होता. आज नववीची सर्वेक्षण चाचणी होती. जिल्हाभरच्या शाळांत ती एकाच वेळी व्हायची. मुलांनी उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवायचे, यंत्रानं ते वाचायचे आणि त्यावरून शाळेला श्रेणी लागायची. मागच्या खेपेला शाळेला ‘ड’ लागला होता. मुख्याध्यापकांच्या जुलैच्या बैठकीत शिक्षणाधिकारी साहेबांनी शाळेचं नाव वाचलं तेव्हा सर उभे राहिले. ‘बसा’ म्हणायचं साहेब विसरले आणि पुढच्या शाळेकडे वळले. सर बराच वेळ उभेच होते. मागच्या रांगेतल्या कुणीतरी शेवटी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

म्हणून शनिवारी शाळा सुटताना सरांनी नववीतल्या सगळ्यात कच्च्या तीन मुलांना व्हरांड्याच्या टोकाला बोलावून घेतलं होतं. पटावर तीस मुलं. नियम असा की नव्वद टक्के हजर पाहिजेत, म्हणजे सत्तावीस. तीन आली नाहीत तर काही बिघडत नव्हतं. गणिताच्या माणसाला हे मांडायला कितीसा वेळ लागणार?

“सोमवारी नाही आलात तरी चालेल,” एवढंच ते म्हणाले होते.

राजवीरला आनंद झाला. आकाराम आपल्या चपलांकडे बघत राहिला. तेजस्वी मात्र “बरं सर” म्हणाली आणि दप्तर पाठीला लावून निघून गेली. का म्हणून तिनं विचारलं नाही. त्या ‘बरं’नंच सरांची दोन रात्रींची झोप घालवली होती.

साडेनऊला कोल्हापूरहून चाचणी घेणाऱ्या क्षेत्रीय अन्वेषक आल्या. नाव भैरवी, बी.एड. करणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, हातात सीलबंद पाकीट. तिनं हजेरी घेतली, पुन्हा एकदा डोकी मोजली आणि ऑफिसात आली.

“सर, पंचवीसच आहेत.”

“पंचवीस?”

“एकाला ताप आहे म्हणे, आणि पारस म्हणून कुणी मुलगा आहे तो लग्नासाठी इचलकरंजीला गेलाय. बाकीचे तीन का आले नाहीत ते मुलांना माहीत नाही.” ती जरा अडखळली. “सत्तावीस नसले तर मला ‘चाचणी झाली नाही’ असं लिहावं लागतं. मग श्रेणीच मिळत नाही. यादीत नाव एकदम तळाला जातं.”

खेळाचे शिक्षक अमरसिंह दारात उभे होते. “आठवीतली दोन पोरं बसवू की,” ते म्हणाले. “कोण वळखतंय हितं?”

भैरवीनं पाकिटावरची नजर उचलली नाही. ती काय करील हे सरांना कळेना, आणि तिच्यावर ती वेळ आणावी असंही वाटेना.

“नको,” ते म्हणाले. “मी घेऊन येतो.”

“शिपायाला पाठवा की, सर,” अमरसिंह म्हणाले.

“त्यांना येऊ नका म्हणून मीच सांगितलंय. शिपायाच्या बोलण्यावर यायची नाहीत ती.”

घड्याळात नऊ चाळीस झाले होते. साडेदहाला पाकीट फोडायचं होतं.

सर गल्लीत उतरले आणि धुक्यानं त्यांना पोटात घेतलं. अठ्ठावीस वर्षं पायाखालची वाट, पण आज ती वेगळ्याच गावातली वाटत होती. दोन हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. पायाखाली गुलालाचा मऊ थर, त्यामुळे चालल्याचा आवाजही येत नव्हता. माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते.

“सर, च्या घेऊन जावा की.”

हा आवाज दोन हजार चारच्या तुकडीचा. गणितात बावीस.

“सर, एवढ्या सकाळी इकडं कुठं?”

हा दोनदा नापास, तिसऱ्या खेपेला पस्तीस. आता नारळाची दोन दुकानं चालवतो.

“नमस्कार करते, सर.”

एकतीस. मुलगी हुशार होती, परीक्षेत हात थरथरायचा.

आवाज कानावर पडला की आकडा आपोआप वर येत होता. चेहरे मात्र येत नव्हते. सर थांबून एखाद्या आवाजाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत आणि धुक्यातून तो आकडाच पुन्हा पुढं येई. इतक्या वर्षांत आपण या माणसांचं नेमकं काय जपून ठेवलं, असा विचार त्यांच्या मनात आला. मग ते भरभर चालू लागले, जणू मागून कुणी हाक मारील.

दीपमाळेच्या चौथऱ्यावर एक मूल बसलं होतं. जवळ गेल्यावर तो आकाराम निघाला. पूर्ण गणवेशात, केस चापून बसवलेले, मांडीवर जेवणाचा डबा.

“इथं काय करतोयस?”

“घरात सांगितलं न्हाई, सर. आईनं डबा भरून दिला. मग शाळा सुटंस्तवर हितंच बसायचं म्हनलं.”

“ऊठ,” ते म्हणाले, “पळ शाळेत.”

“परीक्षेला बसू व्हय?”

“बस.”

आकाराम पळत धुक्यात नाहीसा झाला. सव्वीस झाले, असं मनात येताच सरांना स्वतःचीच लाज वाटली. राजवीर पहाटेच मामाबरोबर वडगावच्या बाजाराला गेला होता, हे त्याच्या घराच्या कुलपानं आणि शेजारणीनं सांगितलं. राहिली तेजस्वी.

तिच्या आईचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान पायऱ्यांच्या मध्यावर होतं. आई, दीपा, कालची रिकामी पोती झटकत होती आणि तेजस्वी उरलेला गुलाल पिशव्यांत भरत होती. कोपरापर्यंत हात लाल. सरांना पाहून तिचे हात थांबले.

“या सर,” दीपा म्हणाली. “आज सुट्टी आन् तुम्ही डोंगरावर?”

सरांनी तेजस्वीकडं पाहिलं. ती पिशवीची गाठ मारत होती. गाठ बसली होती, तरी मारत होती.

“सुट्टी कसली?”

“ही म्हनली की, सोमवारी सुट्टी हाय.” दीपाचा आवाज चढला. “खोटं बोललीस व्हय गं? मी हितं दिवसभर पोती उचलायची आन् तू शाळा बुडवून…”

“वहिनी, तिला बोलू नका,” सर म्हणाले. “मीच तिला येऊ नको म्हणालो होतो.”

दीपानं पोतं खाली ठेवलं. “का वो?”

पायऱ्यांवरून दोन भाविक वर चढत होते, त्यांना सरांनी पुढं जाऊ दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. चाचणी, श्रेणी, नव्वद टक्के, तीसपैकी सत्तावीस. तिला वाचायला वेळ लागतो, तिचा पेपर कोरा जाईल, शाळा खाली येईल, म्हणून. वर्गात अवघड गणित सोपं करून सांगायची त्यांना सवय होती. हे सांगताना एकही वाक्य सोपं होईना.

“मग आता का आलासा?” दीपानं विचारलं.

“दोन मुलं कमी पडली.”

“म्हंजे मोजायला पायजे.”

“चुकलं माझं,” सर म्हणाले. दीपाला म्हणाले, आणि मग तेजस्वीकडं वळून पुन्हा म्हणाले. “यायचं नसलं तर येऊ नकोस. मी परत जातो.”

तेजस्वीनं आईकडं पाहिलं, मग बादलीत हात बुडवले. पाणी लाल झालं, हात काही उजळले नाहीत. “येते मी,” ती म्हणाली. “गणवेश घालून येते.”

दोघं पायऱ्या चढू लागले. धुकं आता वरून विरळ होऊ लागलं होतं. देवळाचं शिखर मध्येच हवेत तरंगल्यासारखं दिसायचं आणि पुन्हा झाकलं जायचं.

“आईला खोटं का सांगितलंस?” सरांनी विचारलं.

“तुम्ही नको म्हनलासा हे कसं सांगायचं?” ती म्हणाली. मग पाच-सहा पायऱ्या चढून गेल्यावर आपणहून बोलली, “मला अक्षरं येत्यात, सर. पण ओळ थांबत न्हाई.”

“थांबत नाही म्हणजे?”

“हलती. पाण्यातल्यागत. एका ओळीवरनं दुसरीवर जाते मी, आन् कळतच न्हाई.”

“कधीपासून?”

“पयल्यापासनं. सगळ्यांचंच तसं हुतं असं वाटायचं मला.”

सर चालता चालता थांबले. ही मुलगी पाचवीपासून त्यांच्या शाळेत होती. तिला कितीदा उभं केलं, कितीदा ‘पुन्हा वाच’ म्हटलं, कितीदा तिच्या पानावर लाल गोल काढला. तुला काय दिसतं, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

दहा पंचवीसला तेजस्वी वर्गात जाऊन बसली. सरांनी ऑफिसातली लाकडी पट्टी आणून भैरवीसमोर धरली. “ओळीखाली धरायला दिली तर चालेल?”

भैरवीनं सूचनांची पुस्तिका काढली आणि उभ्याउभ्याच पानं चाळली. “प्रश्न वाचून दाखवायचा नाही, असं आहे,” ती म्हणाली. “पट्टीचं कुठं काही दिसत नाही.” आणि तिनं स्वतःच ती तेजस्वीच्या बाकावर नेऊन ठेवली.

दीड तास सर व्हरांड्यात बसून होते. खिडकीतून सत्तावीस माना खाली वाकलेल्या दिसत होत्या. तेजस्वीची पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती, इतकी हळू, की पाहता पाहता सरांना तंद्री लागली. हायस्कूल धुक्यावर तरंगतंय, आणि आतली मुलं आपापली ओळ धरून कुठंतरी निघाली आहेत, असं काहीसं त्यांना दिसत राहिलं. घंटेनं ते भानावर आले. तेजस्वीचे साठातले बावीस प्रश्न झाले होते. भैरवीनं तिच्या उत्तरपत्रिकेवरचे लाल ठसे रुमालानं हलकेच टिपले आणि पाकीट सील केलं.

श्रेणी आली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. ‘ड’. बैठकीत सर पुन्हा उभे राहिले. या खेपेला साहेबांनी विचारलं, “मगदूम, एवढी कमी का?”

“आमच्या पटावरचीच मुलं बसली होती, साहेब,” सर म्हणाले. “एका मुलीला काय अडचण आहे ते मला यंदा कळलं. बाकीच्यांचं बघतोय.”

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते सरांना दिसलं नाही आणि पाहावंसंही वाटलं नाही. ते आपणहून खाली बसले.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तेजस्वी, दीपा आणि सर एसटीनं कोल्हापूरला निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं होतं की डोळे चांगले आहेत, वाचनातल्या अशा अडचणीची तपासणी वेगळी असते. तिची तारीख आजची मिळाली होती. तिचा दाखला हातात आला की दहावीच्या परीक्षेत तिला जादा वेळ मिळणार होता. दीपा पिशवीतले दाखले पुन्हा पुन्हा तपासत होती.

“सगळं आनलंय न्हवं, सर?”

“सगळं आहे, वहिनी.”

तेजस्वी खिडकीशी बसली होती. गाडी घाट उतरून केर्लीच्या पुढं आली तशी ती रस्त्याकडेच्या पाट्या वाचायला लागली, मोठ्यानं, कुणी सांगितलं नसताना. ‘येथे फरशी मिळेल.’ ‘थंड येपे.’ उसाच्या रसाच्या एका दुकानावरची पाटी तिनं वाचली, ‘सरवंती गृह’, आणि ती स्वतःच हसली, कारण काहीतरी चुकलंय हे तिलाही कळलं होतं.

जयपाल सरांच्या ओठांवर दुरुस्ती आली होती. खिडकीतून ओलसर वारा येत होता, गाडी डुलत होती, आणि डोळे जड झाले होते. सरवंती गृह. अर्धवट झोपेत त्यांना ते एखादं खरंच ठिकाण वाटलं. आंब्याच्या सावलीतलं, बाकडी मांडलेलं, आत गेल्यावर कुणी नाव-गाव विचारत नाही असं. ते तिथं टेकले. तेजस्वी पुढची पाटी वाचत होती.