मानेतला दोरा

थोरलीच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. सासू म्हणायची, हिची जीभ एकदा कापायला हवी. सासू गेली, आणि काही वर्षांनी डॉक्टरांनी खरंच जिभेच्या कडेचा तुकडा कापला. रोगच तसला होता. शुद्धीवर आल्यावर थोरली बोबड्या आवाजात म्हणाली, "सासूबाईंचं एकदाचं कुणीतरी ऐकलं." धाकटी जाऊ हसता हसता रडली होती.

दोघी जावांचं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. थोरलीचा हात भुवयांवर. दोऱ्याचं टोक दातांत धरायचं, बाकीचा बोटांत पिळायचा आणि सरसर केस काढायचे. बाया लांबून तिच्याकडेच यायच्या. ऑपरेशननंतर दातांत दोरा धरला की लाळ गळायची. दुसरी कुणी असती तर हात टेकले असते. हिनं दोऱ्याचा फास करून मानेत अडकवला आणि मान मागे ओढून काम शिकली. शिकेपर्यंत हाल झाले ते धाकटीच्या भुवयांचे.

आता तो मेला आजार परत आला होता. जिभेचं ऑपरेशन करावंच लागणार होतं, आणि या वेळी बरीच जीभ जाणार होती. पुढे बोललेलं लोकांना कळेल की नाही, याची खात्री सर्जनबाई देत नव्हत्या. त्यात त्यांनी मानेचाही विषय काढला. मानेतल्या ग्रंथी तपासणीत स्वच्छ दिसतायत, पण हा रोग आधी तिथंच जाऊन लपतो, आणि अगदी बारीक असला तर फोटोत येत नाही. म्हणून काही दिसत नाही तोवरच त्या काढून टाकलेल्या बऱ्या. चिरा कानामागून हनुवटीखाली जाईल, कातडी बधिर राहील आणि उजवा हात खांद्याच्या वर न्यायला जड जाईल, कदाचित कायमचा. जबरदस्ती नाही, नुसतं लक्षही ठेवता येईल. मात्र तिथं उशिरा सापडलं तर माझ्या हातात फारसं काही उरणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बुधवारपर्यंत कळवा म्हणाल्या.

घरी आल्यावर थोरली चप्पल काढता काढता म्हणाली, "तोंड नेलं तर दोरा मानेत घेतला. आता मान मागतायत. पुढे कुठं बांधू गं?"

मोठे दीर म्हणाले, तू म्हणशील तसं, आणि दूध आणायला निघून गेले. दूध घरात होतं. नको तिथं हे पुरुष फार समजूतदार होतात! धाकटीला वाटत होतं, पाय धरावेत आणि सांगावं, ताई, मान द्या, हात द्या, पण जगा. पण ज्या हाताखाली ती सगळं शिकली, तोच हात द्या म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? दोन दिवस ती नुसती घुसमटत राहिली.

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. "बैस, झुडपं वाढलीयत," म्हणत थोरलीनं तिला खुर्चीत बसवलं. भुवई करून घेताना आपली कातडी आपणच ताणून धरायची असते. बोटं सुटली की दोरा चुकतो, हे त्या दोघी येणाऱ्या प्रत्येकीला बजावायच्या. खालची बाजू झाली. मग थोरली भुवईच्या वरच्या अंगाला वळली. तिथं आरशात काहीसुद्धा दिसत नव्हतं. उगवायच्या आधीच तिथले बारीक केस काढून टाकायची तिची जुनी सवय होती.

"ताई, तिथं कुठं काय आहे?"

"आज दिसत नाही," थोरली म्हणाली आणि थांबली. दोरा तसाच ताणलेला राहिला. मग म्हणाली, "बाईंना फोन कर. मान पण घ्या म्हणावं."

एवढं बोलून तिनं दोरा चालवला. धाकटीची बोटं सुटली.

भुवईच्या मधोमध टक्कल पडलं. ते शिकायचे दिवस सोडले, तर इतक्या वर्षांत थोरलीच्या हातून एकही भुवई बिघडली नव्हती. दोघी आरशात बघत राहिल्या, आणि धाकटी ढसाढसा रडायला लागली. हवं होतं तेच मिळालं होतं, तरी रडू आवरेना.

"रडू नकोस," थोरली म्हणाली. "भुवई परत येते."

संध्याकाळी दोन बाया आल्या. दोघींच्या भुवया थोरलीनंच केल्या. मग मानेतला दोरा काढून तिनं डब्यात ठेवला आणि डबा धाकटीच्या बाजूला सरकवला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत न्यायला आले. मोठ्या दिरांनी तिचा हात धरला होता. थोरलीनं धाकटीला खुणेनं जवळ बोलावलं. घरातलं काही सांगायचं असेल, म्हणून धाकटी कान देऊन वाकली.

"पेन्सिल लाव त्या भुवईला," थोरली म्हणाली. "लोक विचारतील, कुणी केली म्हणून."

त्या जिभेचं ते शेवटचं बोलणं. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर धाकटीनं पर्समधून पेन्सिल आणि लहानसा आरसा काढला, पण एका हातानं कातडी ताणून दुसऱ्यानं पेन्सिल धरली, तर आरसा धरायला हात उरेना. मोठे दीर शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आरसा धरला.