अभ्र्याच्या तीन पट्ट्या

नाकावर राग घेऊनच मी जन्मले, असं आई म्हणते. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना मी सरांशी वाद घालायची. नांदेडात स्वतःचं गॅरेज टाकल्यापासून गिऱ्हाइकांशी घालते. तरी लोक येतात, कारण वेगानं पळणाऱ्या गाड्यांचं काम आमच्या भागात फारसं कुणी करत नाही, आणि जे करतात ते मालकाच्या हो ला हो करतात. मी करत नाही. गाडीला काय हवं ते मालकापेक्षा मला जास्त कळतं, असं मी तोंडावर सांगते.

म्हणून संगमेश्वर आला त्या दिवशी मी गप्प बसले, ही गोष्ट मला अजून खुपते.

तिशीचा पोरगा होता. हैदराबादहून सेकंडहँड आणलेली दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेऊन लातूरहून आला होता. गाडी अशी चकचकीत की माझी माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. त्याला कोल्ड एअर इनटेक बसवायचं होतं. इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या कितीतरी पट ते हवा ओढतं, हे कुणी ध्यानात घेत नाही. गार हवा दाट असते. ती भरपूर मिळाली की गाडीत जोर येतो. म्हणून कंपनीचा हवेचा डबा काढायचा आणि बाहेरून आणलेला पाइप आणि फिल्टर बसवायचा. हवा कुठून ओढायची, एवढंच काय ते ठरवायचं असतं.

"ताई, मला हा उघडा पाहिजे," तो म्हणाला आणि मोबाइलवर व्हिडिओ लावला. बॉनेटखाली उघडाच बसवलेला शंकूसारखा फिल्टर, आणि एक्सलेटर दाबला की गुरगुराट. "आवाज ऐका की. मिलच्या गेटात शिरलो की कळलं पाहिजे सगळ्यांना."

मी फॉर्म भरत होते. माझा एक प्रश्न ठरलेला असतो, तो विचारला. "गाडी दिवसभर उभी कुठं असते?"

"मिलमध्येच. शेडखाली, भुसा फेकायच्या पंख्याच्या बाजूला. तिथंच सावली हाय. आमची डाळ मिल हाय ना, लातूरला."

"कुणाची?"

"गुरुपादप्पांची. माझे वडील."

माझा पेन थांबला.

वडील गेल्यावर आई मला घेऊन मुरुडहून लातूरला आली, तेव्हा मी पाच वर्षांची होते. गुरुपादप्पांच्या मिलमध्ये तिला तीन नंबरच्या चाळणीवर काम मिळालं. तूर भरडली की डाळ, तिचा चुरा म्हणजे चुनी, आणि भुसा वेगळा करणारी ती मोठी हलती चाळणी. तिच्यापाशी आई एकोणीस वर्षं उभी राहिली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पिवळसर झालेल्या असायच्या. मी लहानपणी त्यावरून तिला चिडवायची. त्या कामावर तिनं मला इंजिनिअर केलं. आणि आता चार वर्षं झाली, ती माझ्याकडे नांदेडात आहे आणि अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत जाताना मध्ये एकदा भिंतीला टेकते. डॉक्टर म्हणाले, धुळीनं फुप्फुसं निबर झालीत. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळायचं.

उघडा फिल्टर त्या पंख्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीला बसवला तर काय होईल, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. पिठासारखी धूळ त्याच्या विरळ जाळीतून आत जाईल. सिलिंडरच्या भिंती घासल्या जातील. दीडेक वर्षात इंजिन ऑइल प्यायला लागेल आणि मग धूर. मला काहीच करायचं नव्हतं. त्यानं मागितलं होतं ते फक्त द्यायचं होतं.

"सोमवारी या. बसवून देते," मी म्हणाले.

त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते. खोटं कशाला बोलू, मी खूपच खूश होते.

आई दारात बसून मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. गाडी कशी, पोरगा कसा, त्याला आवाज कसा पाहिजे. आणि ते इंजिन दीड वर्षात कसं मरेल तेही. "तुझी फुप्फुसं खाल्ली त्या धुळीनं. आता त्याची गाडी खाईल. मी काही वाकडं केलेलं नाही, त्यानंच मागितलंय."

आईनं जुडी खाली ठेवली. ती बोलायच्या आधी दोन श्वास घेते, तेवढं थांबावं लागतं.

"त्या पोराला ठाऊक हाय का, धूळ काय करती ते?"

"नसेल. त्याला काय करायचंय?"

"मंग सांग की."

"मी का सांगू? तुला सांगितलं होतं कुणी?"

"न्हाई ना सांगितलं," आई म्हणाली. पुन्हा थांबली. "एकोणीस वर्षांत एक माणूस म्हणला न्हाई, केवळाबाई, हे आत चाललंय. तेच तर झालं माझं. अन् तू बी तेच करून राहिलीस."

मला राग आला. आईचा आला, त्या पोराचा आला, आणि मग माझा स्वतःचा इतका आला की मी उठून आत गेले. जेवले नाही. आईनंही आग्रह केला नाही. आमच्या घरात ज्याचा राग त्यानंच उतरवायचा असतो.

सकाळी उठले तर ती एक जुना पांढरा अभ्रा फाडत बसली होती. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला. हातभर लांबीच्या तीन पट्ट्या तिनं काढल्या.

"तो उघडा बसणार तिथं एक बांध. हवा घ्यायच्या बाकीच्या दोन जागा तुला म्हाईत, तिथं बाकीच्या. चार दिस गाडी त्याच्या जागी उभी राहू दे. मंग उघडून दाव त्याला." पट्ट्या माझ्या हातात देताना म्हणाली, "मी पदर बांधायची तोंडाला. रंगीत पदर. त्याच्यावर काय दिसायचंच न्हाई. पांढरं बांध."

संगमेश्वर सोमवारी आला तेव्हा मी फिल्टर बसवायच्या ऐवजी चिंध्या बांधते आहे हे बघून त्याचं तोंड उतरलं. "ताई, हे काय लिंबू-मिरची हाय का?"

"तसंच समजा. शुक्रवारी या. तोपर्यंत हात लावायचा नाही." एक पट्टी मी इंजिनाशेजारी बांधली, दुसरी खाली बंपरच्या मागं, जिथून लांब पाइपवालं इनटेक हवा घेतं. तिसरी वर, हेडलाइटच्या मागं. बंद डब्याचं इनटेक तिथून हवा घेतं. ते दिसायला अगदी साधं असतं, आवाज जवळजवळ करत नाही, त्यामुळे हौशी पोरं त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत.

शुक्रवारी तो आला. मी बॉनेट उघडलं आणि तिन्ही पट्ट्या सोडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

हेडलाइटमागची मळली होती, पण तिचा पांढरा रंग ओळखू येत होता. बंपरची रस्त्याच्या धुळीनं काळी झाली होती आणि काळ्यावर पिवळा थर होता. इंजिनाशेजारची पूर्ण पिवळी होती. नुसती मळलेली नव्हती. कापडाची वीणच दिसत नव्हती, इतकी भरली होती.

"चार दिवसांत?" त्यानं विचारलं.

"चार दिवसांत. गाडी बहुतेक वेळ उभीच होती. चालू असताना इंजिन हे ओढून आत घेतं."

त्यानं पिवळी पट्टी उचलली. चिमटीत चोळली. मग नाकाशी नेली, आणि तशीच धरून राहिला. मला वाटलं शिंकेल.

"हे तर आमचंच हाय," तो म्हणाला. "तुरीचं." त्यानं ती पुन्हा हुंगून बघितली. "अप्पांच्या रुमालाला हाच वास येतो. आई रोज वेगळा भिजवती तो."

मी हातातला पाना टेबलावर ठेवला.

"दहा वर्षं झाली अप्पांना दमा हाय. आम्ही त्यांचं दही बंद केलं, केळं बंद केलं. गावातल्या डॉक्टरचं औषध चालूच हाय." त्यानं पट्टी खाली ठेवली. "ताई, हे माणसाच्या आत गेलं तर काय होतं?"

चार वर्षं मी हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होते. गुरुपादप्पांच्याच घरातल्या माणसानं विचारावा म्हणून. काय काय बोलायचं ते मनात कितीदा घोकलं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि त्यातलं निम्मं तोंडातच राहिलं.

"माझी आई तुमच्या मिलमध्ये तीन नंबरच्या चाळणीवर होती," मी म्हणाले. "एकोणीस वर्षं. काय होतं ते तिच्याकडं बघून कळेल. या पट्ट्या तिनंच फाडून दिल्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पट्ट्यांकडंच बघत राहिला. मग खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "तो बंद डबा बसवा. अन् तुमच्या आईच्या डॉक्टरांचं नाव सांगा."

मी दोन्ही केलं.

पुढच्या बुधवारी आईची तारीख होती. सकाळी अकराच्या सुमारास दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो होतो, आणि दारातून गुरुपादप्पा आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मुलाच्या खांद्यावर हात. मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं, मिलच्या वरच्या खोलीत काचेमागं बसलेले. फार मोठे वाटायचे. आता दारापासून बाकापर्यंतच्या दहा पावलांत ते दोनदा थांबले.

आई उठून उभी राहिली. सवय. उठण्यानं तिलाच धाप लागली आणि माझा संताप डोक्यात गेला.

"बस केवळाबाई, बस," अप्पा म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. दोघांनाही श्वास गोळा करायला वेळ लागला. संगमेश्वर आणि मी समोर उभे राहून ते बघत होतो. दोघांची छाती एकसारखीच वर-खाली होत होती.

"तुला कवापासून?" शेवटी अप्पांनी विचारलं.

"मिल सोडायच्या आधीपासून. सात-आठ वर्षं आधीपासून."

"मला सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं," आई म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झालं की वरून तुमचा खोकला यायचा खाली. आम्ही बायका म्हणायचो, मालकाला बी हाय. एवढा मोठा माणूस, दवाखाना हाय, औषध हाय, तरी खोकून राहिला. म्हंजी हे असंच असतंय. रोग असता तर मालक बसला असता का इथं?"

अप्पा मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या हातातला रुमाल पांढरा, घडी न मोडलेला होता.

"अन् मी वरून तुमच्याकडं बघायचो," ते म्हणाले. मध्येच थांबले, श्वास घेतला. "म्हणायचो, या बाया दिवसभर धुळीत उभ्या, तरी काम करून राहिल्या. मी तर काचेच्या मागं बसलोय. मला धुळीनं कसं व्हईल? म्हणून दमा म्हणलं, अन् गप बसलो."

मी संगमेश्वरकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर त्याची लाल गाडी उभी होती, ज्या गाडीचा आता कुणाला आवाज येणार नव्हता.

मला वाटलं, आई आता तरी काही कडू बोलेल. बोलावं असं मला फार वाटत होतं. माझ्या जिभेवर तर सगळं तयार होतं.

"तीन नंबरवर आता कोण हाय?" आईनं विचारलं.

अप्पांना नाव आठवेना. त्यांनी मुलाकडं पाहिलं.

"महानंदा," संगमेश्वर म्हणाला. "सात वर्षं झाली तिला. आता... आता सुट्टी व्हायच्या आधीच खोकायला लागते ती."

"तिला सांगा," आई म्हणाली. "आजच सांगा."

आतून कंपाउंडरनं केवळाबाईंचं नाव पुकारलं. मी आईला हात दिला आणि ती उठली. दारापाशी मी मागं वळून पाहिलं. अप्पांनी मुलापुढं हात केला होता आणि ते त्याच्याकडं फोन मागत होते.