ईशिताला सांगायचं ते

कमलाकरांनी पावाचा तुकडा तळ्यात टाकायला हात उचलला, तोच ईशिताने त्यांचं मनगट धरलं.

“नाही, आजोबा. ब्रेड डक्सना बॅड असतो. बोर्डवर लिहिलंय.”

त्यांनी तुकडा खिशात ठेवला. वॉटफर्डच्या या पार्कमध्ये कुंपणाच्या अलीकडे झोके, घसरगुंडी आणि कापलेलं गवत होतं. पलीकडे तळं, लव्हाळे आणि मुद्दाम तसंच राहू दिलेलं रान. सात वर्षांची ईशिता शाळा सुटली की थेट झोक्यांकडे धावायची. आज ती आजोबांच्या मागोमाग कुंपणाच्या फाटकातून आत आली होती.

कमलाकरांच्या पत्नीचं, आशाबाईंचं, नागपुरात निधन होऊन दोन महिने झाले होते. त्यांची मुलगी, ईशिताची आई देवयानी, तेव्हा एकटीच नागपूरला गेली आणि परतताना वडिलांना सोबत घेऊन आली. ईशिताला सांगितलं, आजीला बरं नाही, ती मामाकडे आहे. मग ते खोटं मोडायचं कसं, हेच कळेना. आज सकाळी डबा भरताना देवयानी म्हणाली होती, बाबा, तुम्हीच सांगा, जन्मभर मुलांना शिकवलंत, माझ्याने होत नाही. ते हो म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच हो म्हणत. डायबिटीस असून साखरेलाही.

तिकडे नातेवाइकांना कळवायचे फोन सगळे मुलाने केले होते. कमलाकर नुसते बसून होते. ते शब्द त्यांच्या तोंडून अजून एकदाही निघाले नव्हते, आणि रडूही आलं नव्हतं. आता सांगताना आवाज बातम्या वाचल्यासारखा निघेल, याची त्यांना भीती वाटत होती.

त्यांनी धडा मात्र तयार ठेवला होता. तळ्याकाठी आडव्या पडलेल्या ओकपाशी ते थांबले.

“हे झाड बघ. पडलं, तरी इथल्या लोकांनी ते हलवलं नाही. आता त्याच्यात किडे राहतात, पक्षी ते किडे...”

“झाडाचं नको, आजोबा.”

ईशिता झाडाची साल नखाने उकरत राहिली.

“काल मम्माने फेन्सवर प्लेट ठेवली. भात, खीर आणि कोथिंबिरीची सांबारवडी. म्हणाली, बर्ड्ससाठी. मला डक्सना एक क्रंब पण टाकू देत नाही ती. आणि सांबारवडी फक्त आजीला आवडते.”

“मग?”

“मग मी शाळेतल्या तनूला विचारलं. तिचा आजोबा मेला, तेव्हा त्यांच्या घरी पण असंच केलं होतं.”

झोक्यांकडून मुलांचा गलका येत होता. कमलाकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“म्हणजे तुला ठाऊकच आहे.”

“हो. पण मला कोणी सांगितलं नाही.”

ती ओकच्या खोडावर बसली, हात मांडीवर ठेवून, त्यांच्या तोंडाकडे बघत. कमलाकर समोर उभे राहिले. वाक्य लहानसंच होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना.

“सावकाश, आजोबा,” ईशिता म्हणाली.

“आजी वारली,” ते म्हणाले.

आवाज बातम्यांसारखा नव्हता. ईशिताने जरा बाजूला सरकून त्यांना खोडावर जागा करून दिली.