सुईचा मान

पेरणीची तिफन घराबाहेर काढायची वेळ झाली, तशी गवराबाईनं सुनेला हाक दिली, "तानाबाई, आत हो गं. पूजा हाय."

तानाबाई निमूट आत गेली. बाजरीचं बी तिनंच पाखडलं होतं, तिनंच निवडून दारात आणून ठेवलं होतं. पण तिफनीच्या चाड्यावर बियाची पहिली मूठ धरायची ती सवाशिणीनं. विधवेची सावली पडली तर पीक जळतं, असं सगळ्या रहाटणी गावाला ठाऊक होतं. तिच्या हातून गेलेलं बी दरसाल उगवतं कसं, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. नव्या तापानं गाव झोडपून काढलं होतं. घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलेलं. त्यातच शेजारच्या शालनबाईचं तान्हं पोर गेलं. त्या पोराला तानाबाई मांडीवर खेळवायची, पण दार लोटून. चारचौघांत तिच्या मांडीवर पोर कोण देणार?

त्याच दिवशी दुपारी पुण्याहून डॉक्टर आले. बरोबर इंदुताई नावाची नर्स. चावडीपुढे गाव जमलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "या तापावर नवी लस निघालीय. ती लागू पडते का, हे धडधाकट माणसांना टोचून बघायचंय. दंड दुखेल, ताप येईल. त्यापलीकडे काहीच होणार नाही, अशी हमी मी देत नाही. ज्याची मर्जी असेल त्यानंच पुढं यावं."

एरवी चावडीवर एकमेकांना बोलू न देणारे बाप्ये आपापल्या धोतराचे सोगे निरखू लागले. शेवटी तानाबाईचा सासरा तात्याबा खाकरला.

"आमची सून घ्या, डाक्टर. इधवा हाय. तिच्या मागं रडनारं कुनी न्हाई."

"झ्याक! गावात तशा आनिक बी हाइती," गर्दीतला रंगराव म्हणाला. बघता बघता गाव भलतंच उदार झालं.

बायकांच्या घोळक्यातून तानाबाईला पुढं ढकललं गेलं. "हात पुढं कर," तात्याबानं फर्मावलं.

इंदुताईनं मात्र सुई बाजूला ठेवली. "बाई, तुमची इच्छा आहे का? नको असेल तर सरळ नाही म्हणा."

तानाबाई बघतच राहिली. हातातल्या बांगड्या फोडल्या, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता तिची छाती धडधडू लागली. सुईचं भय तिला नव्हतं. आपण हो म्हटलं तर ते सासऱ्याचंच हो ठरेल आणि उद्या आणखी कशात तरी आपल्याला लोटतील, ही तिची भीती होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय म्हनलीस?"

"न्हाई म्हनले, मामंजी. सकाळी तिफनीम्होरं माझी सावली चालली न्हाई, आन् सुईम्होरं अख्खी मी चालते व्हय? मी काय नवसाचा बोकड हाय, दावं धरून वढायला?"

"थोबाड आवर! घरात ऱ्हायाचं हाय का न्हाई?"

"ऱ्हानारच. घर माझ्या बी कष्टावर उभं हाय."

"आजोबा, इथं तुमचा होकार चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या नाही म्हणाल्या, विषय संपला." त्यांनी सामान आवरायला सांगितलं.

तानाबाई ताठ मानेनं घराकडे निघाली. वाटेत शालनबाईचं दार उघडंच होतं. रिकामी झोळी अजून टांगलेली, आणि शालनबाई तिच्याखाली भिंतीकडे बघत बसलेली. तानाबाई उंबऱ्याशी थबकली. नाही म्हणून झालं होतं. आता हो म्हणायचं की नाही, हेही तिचं तीच ठरवणार होती. ती तडक माघारी फिरली.

"ताई, थांबा. टोचा मला."

"आली ताळ्यावर," तात्याबा पुटपुटला.

"तुमी दिली म्हनून न्हाई, माझी मी आले. शालनबाईचं गेलं तसं दुसरं पोर जाऊ ने म्हनून. आन् ताप चढला तर मी पडून ऱ्हानार. पेज घरातल्यांनी करून द्यायाची. आयकताय न्हवं, आत्याबाई?"

गवराबाईनं घोळक्यातून मान वर केली. तानाबाईनं चोळीची बाही वर सारली. सुई टोचली तेव्हा ती डॉक्टरांकडे नव्हे, चावडीकडे बघत होती.

"रंगराव, तुमच्या मागं रडनारी रगड हाइती की. मंग त्यांच्यासाठी तरी या."

रंगराव हलला नाही. हलली ती गवराबाई. ती पुढं आली आणि बाही सारून सुनेच्या मागं उभी राहिली.

"अगं, तू सवाशीन हायेस!" तात्याबा ओरडला.

"व्हय," गवराबाई म्हणाली. "म्हंजी माझा जीव तुमचा, आन् तिचा कुनाचाच न्हाई, असंच न्हवं?" आणि तिनं दंड इंदुताईपुढे केला.