वाळूच्या दोन पोत्यांखालचा बुश

मी एक जुना रबरी बुश आहे आणि मी रागावलेलो आहे. अशा वेळी आधी नम्रपणे जन्मकथा सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. सांगतो. पण राग आधी नोंदवून ठेवा.

मित्रांनो, माझा जन्म एका तापलेल्या साच्यात झाला. मधोमध लोखंडी नळी, भोवती जाड रबर, एवढाच माझा देह, पेरूएवढा. मोटारीचा मागचा अ‍ॅक्सल जिथे गाडीच्या अंगाला जोडतात, तिथे मला दाबून बसवले. डावीकडे मी, उजवीकडे माझा जुळा भाऊ. चाकाने खड्ड्यातून दणका आणायचा आणि आम्ही तो गिळायचा, असा आमचा संसार.

पलूसजवळच्या एका वस्तीवर, नानासो सुभेदारांच्या दारात आमची गाडी आली त्याला चौदा वर्षे झाली. दर दसऱ्याला स्टेअरिंगला हळदकुंकू, बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आरशालासुद्धा फूल! खाली वाकून माझ्या कपाळी बोट टेकवावे, असे चौदा दसऱ्यांत एकाही भल्या माणसाला वाटले नाही. रबर सोशिक असते.

पण रबर म्हातारेही होते. उसाच्या फडाकडे जाणाऱ्या रस्त्यांनी मला आधी चिरा पाडल्या, मग नळीपासून सोडवले. गतिरोधक आला की मागून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. मित्रांनो, तो माझा टाहो होता. नानासोंनी कान दिला, मिशीवरून बोट फिरवले आणि निकाल दिला, “रिकामी गाडी वाजतीच. बैलगाडीबी वाजायची.” आणि त्यांनी डिकीत वाळूची दोन पोती टाकली.

आवाज थांबला! नानासो खूश. कण्हणाऱ्याच्या छातीवर बसले की तो कण्हायचा थांबतो; याला नानासो दुरुस्ती म्हणायचे. दोन वर्षे मी ती वाळू वाहिली. माझा राग तेव्हापासूनचा.

नानासोंचा मुलगा वीरधवल फौजेत, लांब सरहद्दीवर. त्याची बायको प्रियदर्शनी गाडी चालवायला शिकली. सांगलीत हळद तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचे, आणि त्या वेळेला आमच्या वस्तीवरून एसटी नाही. गाडी मिळाली तर नोकरी, नाही तर चूल.

आणि नेमका त्याच दिवसांत मी पुरता फाटलो. वळणावर गाडीचे बूड भलतीकडे झुकू लागले. प्रियदर्शनी म्हणाली, “मामा, गाडी मागनं डुलतीय.”

“गाडी न्हाई डुलत. तुजा हात डुलतोय.”

माझे उरलेसुरले रबर पेटले. गुन्हा माझा, मला फाडणारी वाळू सासऱ्यांची आणि शिक्षा सुनेला!

रविवारी मंडळी औंधला यमाईच्या दर्शनाला निघाली. प्रियदर्शनी चालवत होती. शेजारी नानासो, मागे सासूबाई, म्हणजे रंगूबाई. एका वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. तिने चाक वळवले आणि गाडीचे बूड हातभर सरकले. तिने ते सावरले, गाडी कडेला घेतली.

“बास,” नानासो म्हणाले. “चावी हिकडं. आन त्या सांगलीवाल्यास्नी फोन करून सांग, येत न्हाई म्हणून.”

तिने चावी दिली. मागे रंगूबाईंशेजारी जाऊन बसली. मी खाली आकांत करत होतो. पण वर वाळू होती.

येतानाही नानासोच चालवायला बसले. तेच वळण आले. मी मुद्दाम काही केले नाही, शपथेवर सांगतो; मुद्दाम करण्याइतका मी उरलोच नव्हतो. बूड सरकले आणि गाडी सुभेदारांसह हरभऱ्याच्या वावरात उतरली. कुणाला खरचटलेही नाही. फक्त मिशी जरा खाली आली.

“रस्ताच वाकडा केलाय लेकांनी,” नानासो म्हणाले.

मागून रंगूबाई बोलल्या, “आवं, जाताना सून वाकडी हुती. येताना रस्ता वाकडा झाला व्हय?”

गाडी तिथून थेट धनाजी मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. त्याने खाली सरकून पहार लावली, मला हलवले आणि तिथूनच ओरडला, “सुभेदार, हितं बुश न्हाईत, बुशांची आठवण हाय नुसती! सूनबाईंनी एवढे दिस गाडी रस्त्यावर ठेवली, हेच लय झालं. आन डिकीत ही वाळू कुणी कोंबली? तिनंच ह्येंचा भुगा केलाय.”

नानासो भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले. ते मागच्या वर्षीचे होते.

धनाजीने आम्हा दोघा भावांना दाबयंत्राने उपटून काढले आणि नवी जोडी बसवली. बोल्ट मात्र त्याने गाडी जॅकवर असताना पक्का केला नाही. चाके जमिनीवर टेकल्यावर आवळला. “अधांतरी आवळला तर रबर जन्मभर पिळलेलंच राहतंय,” असे त्याने समजावून सांगितले. प्रियदर्शनीला. नानासोंना नाही.

नानासोंनी माफी मागितली नाही. त्यांच्या तोंडाला ती सवय नाही. पण सोमवारी प्रियदर्शनी बाहेर आली, तेव्हा डिकी मोकळी होती आणि ती सगळी वाळू फाटकापुढच्या खड्ड्यात पसरलेली होती. चावी गाडीच्या टपावर होती.

“सडकंकडं तोंड करून लावलीया,” नानासो म्हशीकडे बघत म्हणाले. “उशीर करू नगंस.”

मला धनाजीने भंगारात फेकले होते. रंगूबाईंनी उचलून आणले आणि गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून ठेवले. नानासो येता-जाता मला ठेचकाळतात. मी सरकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात काही ‘खट्’ वाजले तर त्यावर पोते टाकू नका. खाली वाकून बघा. कपडे मळतील, मळू द्या. माझा राग अजून गेलेला नाही. फक्त रोज सकाळी सहाला ती गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडते, तेवढ्यापुरता मी तो विसरतो.